चाकांवरचा अधिक महिना

घर सोडून परदेशी गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या पेठेत दर तिसऱ्या घरात एक आहे. पण घर पाठीला बांधून परदेशी निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या जावयांच्या रूपानं. घर म्हणजे अगदी घर. पलंग, चूल, मोरी, कपाटं, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आणि खाली दोन चाकं. गोगलगाय तरी दुसरं काय करते? पण तिला डोव्हरला पासपोर्ट दाखवावा लागत नाही आणि तिच्या शेजारच्या सीटवर सासरा बसलेला नसतो.

या प्रकाराला कॅरॅव्हॅन म्हणतात. मूळ शब्द फारसी, कारवान. म्हणजे उंट, व्यापारी, वाळू वगैरे. इंग्रजांनी त्यातले उंट काढून टाकले आणि पडदे लावले. चाकांवरच्या घरातून निव्वळ हौसेखातर हिंडण्याची टूम काढली ती डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टरनं. 1885 साली त्यानं ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वॉन्डरर' नावाची गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि गडी थेट स्कॉटलंडपर्यंत गेला. बरोबर गाडीवान होता, नोकर होता. नोकराचं तेवढं लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे. आमच्या जावयांकडे घोडेही नव्हते आणि नोकरही नव्हता. मोटार होती, आणि मी होतो.

2023 च्या जूनमध्ये मी आणि आमची ही लेस्टरला लेकीकडे जाऊन पोचलो. हिनं तारखा कॅलेंडर बघूनच काढल्या होत्या. त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला 33 अनारसे, दिवा आणि ऐपत असेल तसं चांदीचं काहीतरी वाण म्हणून द्यायचं. लग्न झालं 2011 साली. त्यानंतरचे चारही अधिक महिने हुकले होते. 2012 ला दोघं नुकतीच तिकडे गेलेली, 2015 ला नातू तान्हा, 2018 ला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि 2020 चा अधिक महिना आला तेव्हा सगळं जगच घरात कोंडलेलं. "चार वाणं अंगावर आहेत," असं ही म्हणायची, ती बँकेचे हप्ते थकल्यासारखं.

हिच्या अंगावर वाणं होती. माझ्या अंगावर दुसरंच काही होतं. या लग्नाला मी सहा महिने मोडता घातला होता. कारण आता सांगायलासुद्धा लाज वाटते म्हणून सांगत नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना न सांगताच कळलं असेल. जयंतराव लातूरकडचे. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, कष्टाळू. यात खोट काढता येईना, म्हणून मी जिथं खोट काढू नये तिथं काढली. लेक ऐकली नाही, लग्न झालं, ते इंग्लंडात गेले. त्या सहा महिन्यांबद्दल जयंतरावांनी कधी अवाक्षर काढलं नाही. पण बारा वर्षांत आमचं बोलणं 'प्रवास ठीक झाला ना आप्पा?' आणि 'हो हो, तुमचं कसं काय?' याच्या पुढं गेलं नव्हतं. मी सातारला टेलिफोन खात्यात 36 वर्षं लोकांच्या लायनी जोडल्या. घरच्या लायनीत मात्र खरखर होती आणि ती केबल मीच कुरतडलेली होती.

तर अशा या जावयानं एका रविवारी चहा पिताना सांगितलं, "आप्पा, यंदा आम्ही पहिल्यांदाच कॅरॅव्हॅन फ्रान्सला नेतोय. तुमचे व्हिसे आहेतच. तुम्ही दोघं चला."

व्हिसे होते खरे. मंजूनं आम्हाला मुंबईतच शेंगेनचे व्हिसे काढायला लावले होते, 30,000 युरोंच्या विम्यासकट. माझी एकूण किंमत 30,000 युरो आहे हे कळल्यावर हिनं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं होतं.

कॅरॅव्हॅन दारातच उभी होती. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, आतापर्यंत फार तर वेल्सपर्यंत गेलेली. मी मागं जाऊन नंबर वाचला, तर तो मोटारीचाच. इंग्लंडात कॅरॅव्हॅनला स्वतःचा नंबर नसतो. जी मोटार तिला ओढते तिचाच नंबर ती लावते. लग्नानंतर आपल्या बायका आडनाव बदलतात त्यातलाच प्रकार. फ्रेंच लोकांत म्हणे जरा जड कॅरॅव्हॅन असली की तिला स्वतंत्र नंबर असतो. फ्रेंच बायकांबद्दल मी जे ऐकून होतो त्याच्याशी हे जुळत होतं.

हिची समजूत अशी की जावई मोटार चालवतील आणि आपण मागं कॅरॅव्हॅनमध्ये बसून पोहे करत जाऊ. मंजूनं सांगितलं, चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवणं कायद्यानं बंद आहे. "मग घर नेता कशाला?" हिचा प्रश्न. याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

दुसरा कायदा त्याहून जिव्हारी लागला. ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडल्यामुळं 1 जानेवारी 2021 पासून तिकडून दूधदुभतं आणि मांस फ्रान्समध्ये नेता येत नाही. मांसाशी आमचा संबंध नाही. पण तूप! अनारसे तुपात तळायचे असतात. तळून न्यावेत, तर तुपात तळलेला अनारसा हा तांदूळ धरायचा की दुधाचा पदार्थ, हा प्रश्न पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं ठेवण्यासारखा होता. डोव्हरच्या फौजदारापुढं ठेवायची कोणाची छाती नव्हती. शेवटी हिनंच तोड काढली. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून, कुटून, गूळ घालून पीठ तयार केलं. पिठात दूध नाही, तूप नाही. पीठ न्यायचं, फ्रान्समध्ये लोणी घ्यायचं, तूप तिथंच कढवायचं. ब्रिटननं युरोप सोडल्यावर एवढा साधा तोडगा दोन्ही सरकारांना वाटाघाटींत सुचला नव्हता.

सामान भरताना जयंतराव प्रत्येक वस्तू वजन करून ठेवत होते. कॅरॅव्हॅनला वजनाची मर्यादा असते, आणि ते वजनही बरोबर आसावर पडावं लागतं. मागं जास्त झालं तर गाडी शेपटी हलवते, पुढं जास्त झालं तर मोटार मान टाकते. हिनं सातारहून आणलेला खलबत्ता पुढं केला. जयंतरावांनी तो न बोलता काट्यावर ठेवला, आकडा वहीत लिहिला आणि चाकाच्या बरोबर वर, जमिनीलगत ठेवला. दुसरा कोणी असता तर 'आई, हे कशाला?' म्हणाला असता. मी हे मनात टिपून ठेवलं.

डोव्हरला फ्रान्सची हद्द इंग्लंडातच सुरू होते. फ्रेंच पोलीस इकडच्याच काठावर खोकी टाकून बसलेले असतात. त्यानं आमच्या पासपोर्टांवर शिक्के मारले, मागच्या घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि पुढं जा म्हणून हात केला. ही पिठाचा डबा मांडीवर घेऊन, जवाब तोंडपाठ करून बसली होती. कोणी काही विचारलंच नाही याचा तिला कॅलेपर्यंत राग होता. बोटीला दीड तास लागतो.

कॅलेला उतरलं की जग उलटं होतं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं. वर्तुळाला उलटी प्रदक्षिणा घालायची. हिला ते भलतंच अशुभ वाटलं. आमची मोटार इंग्रजी, म्हणजे चालक उजवीकडे. त्यामुळं तो बसतो रस्त्याच्या कडेला, आणि समोरून येणारी वाहनं दिसतात ती डावीकडे बसलेल्या माणसाला. आणि वडीलधारं माणूस म्हणून पुढच्या सीटवर, म्हणजे डावीकडे, बसलेला मी!

आणखी एक. फ्रान्सचे मोठे रस्ते टोलचे, आणि टोलचं यंत्र चालकाच्या बाजूला, म्हणजे डावीकडे. म्हणजे पुन्हा मी. पहिल्या नाक्यावर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून मी चिठ्ठी ओढली. दुसऱ्या नाक्यावर तीच चिठ्ठी आत घालायची होती. मी मोटार विम्याचा कागद घातला. यंत्रानं तो परत दिला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी सुनावलं. मागं रांग लागली. मी चष्मा शोधला, चिठ्ठी शोधली, कार्ड उलटं घातलं, सुलटं घातलं. जयंतराव नुसते पुढं बघत होते. आमच्या ऑफिसातला कुठलाही साहेब एवढ्यात तीनदा ओरडला असता. शेवटी दांडा वर गेला आणि यंत्र 'मेर्सी' म्हणालं. माझ्या आयुष्यात मला थँक्यू म्हणणारं हे पहिलं सरकारी यंत्र.

सेन नदीच्या मुखावरचा नॉर्मंडी पूल मात्र मी विसरणार नाही. 1995 सालचा हा पूल तारांवर टांगलेला आहे आणि मधला गाळा 856 मीटरचा. खालून समुद्रात जाणाऱ्या बोटी जायच्या म्हणून त्याची पाठ इतकी उंच काढली आहे की वर चढताना पुढं रस्ता दिसत नाही, नुसतं आकाश दिसतं. त्या दिवशी आडवा वारा होता. मधोमध आल्यावर मागचं घर हलायला लागलं. आधी जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे, मग दोन्हीकडे जरा जास्त. मोटारीची मागची बाजू त्याच्याबरोबर सरकल्याचं मला पाठीला जाणवलं. मागच्या सीटवर हिनं रामरक्षा सुरू केली. माझा पाय जमिनीवर ब्रेक शोधू लागला. जयंतरावांनी ब्रेकला हात... म्हणजे पाय... लावला नाही. चाक धरून ठेवलं आणि फक्त वेग उतरू दिला. झोके लहान होत गेले, थांबले. उतारावर आल्यावर ते म्हणाले, "अशा वेळी ब्रेक मारला की संपलंच, आप्पा. ओढत राहायचं, पण हळू." मी 'हो' म्हटलं. हे ते कॅरॅव्हॅनबद्दलच बोलत असावेत.

संध्याकाळी बायो नावाच्या गावाजवळ पोचलो. आमच्या कोकणातल्या आत्याला हे नाव फार आवडलं असतं. मुक्काम एका म्युनिसिपालिटीच्या कॅम्पिंगवर. फ्रान्समध्ये बऱ्याच गावच्या नगरपालिका प्रवाशांसाठी अशी मैदानं चालवतात. हिरवळ, झाडं, नळ, विजेचे खांब, मधे न्हाणीघरं. आणि स्वच्छ! नगरपालिकेनं चालवलेलं आणि स्वच्छ, या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिताना हात थबकतो, पण लिहिलं पाहिजे.

आता कॅरॅव्हॅन मागं घेऊन आपल्या जागेत लावायची होती. यातली गोम अशी की शेपूट उजवीकडे न्यायचं तर चाक डावीकडे फिरवावं लागतं. जयंतरावांनी याचा सराव लेस्टरच्या एका मॉलच्या रिकाम्या आवारात केला होता. पण तिथं मी नव्हतो. इथं मी मागं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होतो, सातारा स्टँडवर कंडक्टर करतो तसं, कॅरॅव्हॅनवर थापा मारत. फक्त मी अशा जागी उभा होतो की आरशात दिसत नव्हतो, आणि काच बंद असल्यामुळं ऐकूही येत नव्हतो. चौथ्या प्रयत्नाला घर कुंपणाच्या झाडीत शिरलं. तेवढ्यात शेजारच्या तंबूंतून चार धिप्पाड डच माणसं अर्ध्या चड्ड्यांत उठून आली, न बोलता मोटार सोडवायला लावली आणि ते सगळं घर हातांनी ढकलून जागेवर नेऊन ठेवलं. गणपती विसर्जनाच्या ट्रॉलीला लावतात तसे खांदे लावून. बसवून झाल्यावर कळलं की दार भलत्याच बाजूला आलंय. इंग्रजी कॅरॅव्हॅनचं दार डावीकडे असतं. फ्रान्समध्ये ते रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याच्या पंगतीत उघडतं. आमचं डच मंडळींच्या पंगतीत उघडलं. ते बटाटे खात होते. बटाटे त्यांनी हॉलंडहून आणले होते. हिला ही माणसं एकदम आपली वाटली.

झोपण्याची वाटणी अशी : आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा ईशान आत, पलंगांवर, लेक-जावई बाहेर, कॅरॅव्हॅनला जोडलेल्या तंबूत, जमिनीवर. नारायण जमिनीवर आणि आम्ही पलंगावर! हिचा जीव खालीवर होत होता. त्यात जयंतरावांनी मला बाजूला घेतलं.

"आप्पा, दिवसा तिकडची न्हाणीघरं आहेतच. पण रात्री ओल्या गवतातून जाऊ नका. आत छोटा संडास आहे. म्हणजे... फक्त रात्रीसाठी... म्हणजे शक्यतो..."

"एक नंबर," मी म्हटलं.

"हो. खाली कॅसेट असते. त्यात जमा होतं."

कॅसेट म्हटल्यावर मला आधी वाटलं गाणी लावणार. ती कॅसेट म्हणजे सुमारे 18 लिटरची प्लॅस्टिकची टाकी. तिच्यात निळं औषध घातलेलं असतं. भरली की कॅरॅव्हॅनच्या बाहेरच्या अंगाला असलेलं झापड उघडून ओढून काढायची आणि एका ठरावीक जागी नेऊन रिकामी करायची. कोण करतं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माझं वय 71. या वयाच्या वाचकांना रात्रीचा तपशील नको. बाकीच्यांना यथावकाश कळेल. त्या रात्री मी तीनदा उठलो. पहाटे साडेपाचला पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं, तर जयंतराव झापड उघडून कॅसेट बाहेर काढत होते. आवाज होऊ नये म्हणून चाकं न टेकवता, हातानं उचलून नेली.

ही माझ्या मागं उभी होती. तिनं पण पाहिलं.

"अहो," ती कुजबुजली, "अधिक महिना चाललाय. यांना आपण चांदीच्या ताटात वाण द्यायचं, आणि हे तुमचं..." पुढचं वाक्य तिनं पदरात गुंडाळलं. "आजपासून तुम्ही संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचं नाही."

दुसरा दिवस कोरडा गेला. बायोला ती सुप्रसिद्ध जुनी भरतकामाची पट्टी पाहिली, सुमारे 70 मीटर लांब, 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याची चित्रकथा. तिला टॅपेस्ट्री म्हणतात, पण ती विणलेली नाही. तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्यानं भरलेली आहे. हे इंग्रजीत लिहिलेलं वाचण्यापूर्वीच हिनं नुसते टाके बघून सांगितलं. मी घोडे मोजत होतो आणि तहान विसरायचा प्रयत्न करत होतो.

येताना लोण्याची खरेदी. दुकानात एक भिंतभर लोणी. एका कप्प्यावर ठळक अक्षरांत 'दमी-सेल'. ईशाननं शाळेतल्या फ्रेंचवर सांगितलं, दमी म्हणजे हाफ. ही म्हणाली, "हाफ सेल आहे, चार घ्या." पाव-पाव किलोची चार पाकिटं घेतली. कॅरॅव्हॅनवर येऊन चाखल्यावर कळलं की 'सेल' म्हणजे मीठ. मंजू म्हणाली, आता अनारसे खारट होणार. पण हिला तुपातलं विज्ञान ठाऊक होतं. मंद आचेवर कढवलं, मीठ सगळं बेरीत खाली बसलं, वर तूप निघालं ते स्वच्छ, अळणी. नॉर्मंडीच्या त्या मैदानावर साजूक तुपाचा वास सुटला तेव्हा तीन देशांची माणसं आपापल्या तंबूंतून नाक वर करून बाहेर आली.

रात्री मी निर्धारानं झोपलो. दीडला उठलो. मग अडीचला. निर्धाराचा आणि त्या अवयवाचा काही संबंध नसतो.

पाच वाजता मी पायजम्यावर स्वेटर घातला, चपला हातात घेतल्या आणि बाहेर आलो. झापड उघडलं, खिट्टी दाबली, कॅसेट ओढली. तिला एक लांब दांडा आणि दोन छोटी चाकं असतात, विमानतळावरच्या बॅगेसारखी. मी ती ओढत निघालो.

आमच्या वाड्याच्या मागल्या बोळात टोपलीचा संडास होता. पहाटे एक माणूस बोळातून यायचा, मागलं झापड उघडायचा आणि टोपली काढून न्यायचा. माझ्या वयाची पंधरा वर्षं तो येत होता. त्याचं नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. दिवाळीला आई त्याला करंज्या द्यायची, त्या वरून टाकायची, हातात नाही. शाळेत गुरुजी कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगायचे, ते स्वतः कसे संडास साफ करत, आणि आम्ही टाळ्या वाजवून घरी येऊन त्याच संडासात जायचो. या कामाला माणूस लावू नये असा कायदा व्हायला 1993 साल उजाडलं. आणि डॉ. स्टेबल्सच्या पुस्तकी सफरीत ते भांडं कोण ओतत असेल, हेही मला त्या पहाटे पहिल्यांदा सुचलं. नावापुरता मीही आप्पाच. तो दांडा हातात येईपर्यंत एकाहत्तर वर्षं गेली.

न्हाणीघराच्या मागं पोचलो तर तिथं रांग! पाच-सहा पुरुष, प्रत्येकाच्या हाताशी एक कॅसेट. रंगीत स्वेटर, विंचरलेले केस, चेहरे बँकेत चेक भरायला आल्यासारखे गंभीर. प्रत्येकजण एकमेकांना 'बोंजूर' म्हणत होता. माझ्या पुढं आमचे शेजारी डच आजोबा. ते काही म्हणाले, मी नमस्कार म्हटलं. एवढ्या सभ्य रांगेत मी रेशनलासुद्धा उभा राहिलो नव्हतो.

माझी पाळी आली. तोटी फिरवली, झाकण काढलं, टाकी वाकवली. मला हे माहीत नव्हतं की ओतताना अंगठ्यानं एक बटण दाबून ठेवायचं असतं, म्हणजे आत हवा जाते आणि धार सरळ पडते. नाही दाबलं, तर आतला माल गचके देत उसळतो. तो उसळला. डच आजोबांनी धावत येऊन आपला अंगठा हवेत दाबून दाखवला. मग मी दाबलं. नंतर पाणी घालून टाकी खळबळून धुतली, दोनदा, आणि परत निघालो.

वाटेत जयंतराव. अनवाणी, तंबूतून तसेच पळत आलेले.

"आप्पा! हे काय? द्या इकडे!"

"राहू द्या हो, मी आणतो."

"छे छे, द्या."

"जयंतराव, अधिक महिना आहे!"

हॉटेलात बिलासाठी आपल्याकडे जशी ओढाताण होते तशी आमची त्या दांड्यावर सुरू झाली. रांगेतले फ्रेंच, डच, जर्मन गृहस्थ बघत होते. एकाएकी जयंतरावांनी हात सोडला आणि माझ्या पायांकडे पाहिलं. पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यापासून खाली निळे निळे शिंतोडे. रंगपंचमीसारखे.

"बटण नाही दाबलं?"

"नाही."

ते हसायला लागले. बारा वर्षांत मी हा माणूस हसताना पाहिला नव्हता. निदान माझ्यासमोर नाही. हसता हसता खाली बसले. "वेल्सला पहिल्या दिवशी माझंही हेच झालं, आप्पा. मंजूनं पँट फेकून दिली. माझ्या तर तोंडापर्यंत..." मग मीही हसलो. कॅसेट मधे ठेवून आम्ही दोघं ओल्या गवतात बसलो होतो.

मला वाटलं, बोलायचं तर हीच वेळ. मी घसा साफ केला. "जयंतराव, त्या वेळी, तुमच्या लग्नाच्या वेळी, मी जे..."

ते जरा वेळ त्या टाकीच्या झाकणाकडे बघत राहिले. हसणं थांबलं होतं.

"आप्पा," ते म्हणाले, "आधी हात धुवून या. साबणानं."

मी धुऊन आलो. तोपर्यंत त्यांनी तंबूच्या तोंडाशी स्टोव्हवर चहा टाकला होता. दोन कप. दुसरा कप त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोला." मी बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चहा गार झाला, पुन्हा गरम केला, एवढं सांगतो.

संध्याकाळी अनारसे. पहिले चार तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले. पीठ प्रवासानं सैल पडलं होतं. मग हिनं थोडं कोरडं पीठ मळलं आणि पुढचे नीट, जाळीदार, खसखशीसकट उतरले. विसाव्या अनारशाला कॅरॅव्हॅनमधला धुराचा भोंगा कोकलला आणि सबंध मैदान जमलं. त्यामुळं वाणाला साक्षीदार भरपूर. चांदीचा पेला सातारहून आणला होता. ताट मात्र पिकनिकचं, प्लॅस्टिकचं, ज्यावर मिकी माऊस होता. हिनं औक्षण केलं. डच आजींनी मंजूला विचारलं, यांचा वाढदिवस आहे का? मंजूनं सांगितलं, नाही, आज हे देव आहेत. आजींनी डच आजोबांकडे असं पाहिलं की यांना कधी का नाही केलं.

मोजले तर 32. ईशाननं कबूल केलं, एक त्यानं डच आजोबांना दिला होता. हिचा चेहरा पडला. 33 म्हणजे 33. तेवढ्यात आजोबा परत आले. हातात अर्धा खाल्लेला अनारसा आणि दोन किलोंची बटाट्यांची पिशवी. जयंतरावांनी पिशवीतला एक बटाटा उचलून ताटात ठेवला. "झाले, आई. तेहतीस."

रात्री पलंगावर आडवा झालो. बाहेर तंबूत कंदील मालवल्याचा आवाज आला, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडून जयंतराव म्हणाले, "आप्पा, जागे आहात?"

"हो."

"उद्या माझी पाळी, परवा तुमची. बटण विसरू नका."

"नाही विसरत," मी म्हटलं, आणि उठून दोन पेले पाणी प्यायलो.